कच्चं, ताजं आणि 'नामा': जपानमध्ये नव्याने आलेल्या मासेखाऊंसाठी

टोकियोत आल्यावर चौथ्याच दिवशी मी मासळी आणायला सुपरमार्केटात गेलो. मूळचा वेंगुर्ल्याकडचा, त्यामुळे मासे आपल्याला कळतात असा माज होताच. थंड कपाटात केशरी रंगाच्या सुबक तुकड्या मांडलेल्या होत्या. फोन लेबलावर धरला, भाषांतराच्या अ‍ॅपने सांगितलं, 'कच्चा सॅमन'. म्हटलं, झालं, इथली माणसं कच्चं खातात ते हेच. घरी आणून पातळ काप केले, वाटीत सोया सॉस ओतला आणि फुशारकी मारायला शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्या दहा वर्षं इथे राहिलेल्या. त्यांनी काही न बोलता कचऱ्यातलं पाकीट काढून वाचलं आणि ताटली उचलून थेट गॅसपाशी नेली.

पाकिटावर 'नामाझाके' लिहिलं होतं. 'नामा' म्हणजे कच्चा, अ‍ॅप काही खोटं बोललं नाही. पण मासळीच्या कपाटात या शब्दाचा अर्थ 'न गोठवलेला, मीठ न लावलेला' एवढाच असतो. तो मासा भाजूनच खायचा.

किनाऱ्यावरच्या माणसाची इथे चूक होते ती नेमकी याच ठिकाणी. कल्ले लालभडक आहेत का, डोळे फुगीर आहेत का, बोटाने दाबलं तर मांस वर येतं का, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. त्यावरून मासा ताजा आहे की नाही ते कळतं, आणि शिजवायच्या माशासाठी ही परीक्षा इथेही चालते. पण मासा ताजा असणं आणि तो कच्चा खाण्याजोगा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परजीवी अळ्या सकाळी पकडलेल्या माशातही असतात. कच्च्याचा निकाल नाकाने लागत नाही, लेबलाने लागतो.

पायरी १: आधी नातेवाईक शोधा

पहिला महिनाभर कच्च्याच्या वाटेला जाऊच नका. आपल्या ओळखीचे मासे इथे दुसऱ्या नावाने पडलेले असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा.

'सावारा' दिसला की डोळे मिटून घ्या. आपल्या सुरमईच्या अगदी सख्ख्या गोतातला आहे. मांस थोडं मऊ, पण रवा लावून तव्यावर टाकलात तर घरची आठवण येते. 'साबा' म्हणजे बांगड्याचा चुलत भाऊ. दुकानात नॉर्वेहून आलेला गोठवलेला साबा भरपूर मिळतो, आणि तो आपल्या बांगड्यापेक्षा बराच चरबीदार असतो. तिखल्याला तेल निम्मं घाला, नाहीतर वर तवंग तरंगतो. त्यातही 'शिओसाबा' लिहिलेलं असेल तर मीठ आधीच लावलेलं आहे. मी पहिल्यांदा सवयीने मीठ-हळद चोळली होती आणि त्या दिवशी नुसता भात खाल्ला. 'इवाशी' ही तारली. 'ताचिउओ' म्हणजे वाकटी. तलवारीसारखी चकचकीत दिसते म्हणून जपानीतही तिला तलवारमासाच म्हणतात. 'हामो' हा आपल्या वामेच्या कुळातला. क्योटोत जुलैमध्ये गिओन उत्सवाच्या सुमारास त्याला फार मान. त्याचे बारीक काटे काढता येत नाहीत म्हणून तिथले आचारी कातडी न तोडता मांसावर अगदी जवळजवळ चिरा मारत जातात, काटे त्यातच बारीक होतात. घरी करायचा हा उद्योग नव्हे, चिरलेला विकत घ्या.

पापलेटाचं मात्र दुःख आहे. त्याचा भाऊबंद 'मानागात्सुओ' ओसाका-क्योटोकडे आवडीने खातात, टोकियोत क्वचित दिसतो. निशिकासाई किंवा शिन-ओकुबोच्या आपल्याकडच्या दुकानांतून गोठवलेलं आणावं लागतं. बोंबलाची तर आशाच सोडा. त्याच्या कुळातला 'एसो' नावाचा मासा पश्चिम जपानात धरतात, पण तो वाटून त्याचे 'कामाबोको' करतात. बोंबलाच्या नात्यातल्या माशाचा असा गुळगुळीत वडीसारखा शेवट होतो, काय बोलणार.

आणखी एक घोटाळा. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, म्हणून पुष्कळ जण सॅमनचं कालवण रावसासारखं लागेल या आशेने करतात. दोघांचा काही संबंध नाही. सॅमन आमसुलाच्या रश्शात विरघळल्यासारखा होतो आणि रश्शाला एक वेगळाच गोडूस वास येतो. तो भाजा, तळा. कालवणात घालू नका.

आणि हो, इथे 'आजी' नावाचा मासा आहे आणि 'काकी' म्हणजे कालवं. ऑफिसच्या कँटीनमध्ये 'आजी तळून हवी का काकी?' असं विचारलं तर दचकायचं नाही. आजी दिसायला साधारण बांगड्यासारखा, स्वस्त आणि गोड. शेपटीपासून पुढे कडक खवल्यांची एक रांग असते, ती आधी सुरीने काढून टाका.

पायरी २: लेबलावरचे चार शब्द

जपानी लिपी शिकायला वर्षं लागतात. मासे खायला चार-पाच शब्द पुरतात. कुणा जपानी सहकाऱ्याकडून ते कागदावर लिहून घ्या, फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि दुकानात आकार जुळवून बघा.

'साशिमीयो' किंवा 'नामाशोकुयो' म्हणजे कच्चं खाण्यासाठी. 'कानेत्सुयो' म्हणजे शिजवून खाण्यासाठी. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर शिजवायचं असंच धरून चाला. 'काइतो' म्हणजे गोठवलेला मासा विरघळवून ठेवलेला; तो घरी नेऊन परत गोठवू नका. 'योशोकु' म्हणजे शेतीतला, 'तेन्नेन' म्हणजे समुद्रातून धरलेला. आपल्याकडे शेतीतल्या माशाला नाक मुरडतात. कच्चं खाताना मी उलट शेतीतलाच आधी घेतो, कारण कोरड्या खाद्यावर वाढवलेल्या माशात अळीचा धोका फार कमी असतो.

सॅमनचा गुंता इथेच सुटतो. 'सामोन' असं इंग्रजीवरून घेतलेलं नाव असेल तर तो बहुधा शेतीतला आणि बऱ्याचदा साशिमीसाठीचा असतो. 'साके' किंवा 'शाके' हे जुनं जपानी नाव असेल तर तो भाजायचा. जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खातच नसत, अळ्यांच्या भीतीने. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सॅमन इथे आणून तो कच्चा खायला लोकांना तयार केलं, आणि आज सुशीच्या दुकानात लहान मुलं आधी तोच मागतात.

कालवांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. कच्च्यासाठीची आणि शिजवण्यासाठीची कालवं शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि आपल्याला वाटतं की पहिली ताजी, दुसरी शिळी. तसं नसतं. फरक ती कुठल्या पाण्यात वाढली आणि नंतर कशी शुद्ध केली याचा आहे. शिजवण्यासाठीची कालवं चवीला बऱ्याचदा जास्त दमदार असतात, आपल्या कालवांच्या सुक्याला तीच घ्या. फक्त नीट शिजवा: आतपर्यंत ८५ ते ९० अंश, किमान दीड मिनिट. नोरोव्हायरस अर्धवट गरम केल्याने मरत नाही आणि तो झाला की दोन दिवस माणूस न्हाणीघरातच राहतो.

पायरी ३: कापून मागा

मोठ्या सुपरमार्केटात मासळीच्या विभागामागे काच असते, आत गमबूट घातलेली माणसं कापत असतात. अख्खा मासा घेतलात तर ते साफ करून देतात, बहुतेक ठिकाणी फुकट. पण सांगितलं नाही तर 'सानमाइ ओरोशी' करतात, म्हणजे दोन बाजूंचे दोन बिनकाट्याचे पट्टे आणि मधला काटा वेगळा. तळायला उत्तम, कालवणाला निरुपयोगी. आपल्याला हव्यात त्या काट्यासकट आडव्या तुकड्या. त्यासाठी शब्द 'त्सुत्सुगिरी'. आणि डोकं टाकून देतील त्याआधी 'आतामा मो कुदासाइ', डोकंही द्या. पहिल्यांदा ते चकित होतात, दुसऱ्यांदा ओळख ठेवतात.

आता गुपित सांगतो. कपाटाच्या एका कोपऱ्यात 'आरा' लिहिलेली पाकिटं असतात. मोठ्या माशांची डोकी, गालफडं, मानेचे तुकडे, काट्याला चिकटलेलं मांस. जपानी गृहिणी त्याचं सूप किंवा मुळ्याबरोबर शिजवून करतात. किंमत तुकड्यांच्या मानाने नगण्य. 'ताइ' किंवा 'बुरी' या माशाचा आरा आणून उकळत्या पाण्याखालून काढा, रक्ताच्या गाठी आणि उरलेले खवले धुवून टाका, मग ओल्या नारळाच्या वाटणात आणि तिरफळात शिजवा. सुरमईच्या डोक्याचं कालवण ज्यांना आवडतं त्यांना समजेल मी काय म्हणतोय.

संध्याकाळी उशिरा गेलात तर पाकिटांवर सवलतीच्या चिकट्या लागतात, शेवटी 'हानगाकु', म्हणजे निम्मी किंमत. भाजायच्या माशासाठी ती सोन्याची वेळ. साशिमी मात्र सवलतीत घेतली तर त्याच रात्री संपवा.

उन्हाळ्यात पिशवीत बर्फ घालायला विसरू नका. पुष्कळ दुकानांत तो दाराशी फुकट ठेवलेला असतो. साबा, इवाशी, ट्यूना असे मासे उन्हात तापले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते नंतर कितीही शिजवलं तरी जात नाही. जेवल्यावर तोंड लाल होऊन अंगावर गांधी उठल्या तर लोक मसाल्याला दोष देतात. खरा दोष त्या अर्ध्या तासाच्या सायकलफेरीचा असतो.

पायरी ४: जवळा सापडतो

सुक्या मासळीवाचून पाऊस काढता येत नाही असं मानणाऱ्यांसाठी ही पायरी. 'साकुरा एबी' हे सुरुगा उपसागरातले इवलेसे गुलाबी झिंगे. सुकवलेले मिळतात, कोरडे भाजून कांदा, मिरची, कोकम घातलं की जवळ्याची चटणी तयार. माझ्या मते आपल्या जवळ्यापेक्षा गोड आणि वासाला सौम्य, त्यामुळे शेजारी दार वाजवत नाहीत. 'चिरिमेन जाको' ही माशांची सुकवलेली बारीक पिल्लं, खमंग तळून वरणभाताबरोबर खा.

'हिमोनो' म्हणजे सुका मासा असं शब्दकोश सांगतो, पण आजीचा किंवा साब्याचा हिमोनो आपल्या खारवलेल्या बांगड्यासारखा खडखडीत नसतो. तो अर्धवट सुकवलेला, आत ओलसर असतो. आमच्या ओळखीच्या एकांनी तो डब्यात भरून कपाटात ठेवला आणि आठवड्याने सगळी खोली सोडायची वेळ आली. फ्रीजमध्येच ठेवा.

तिसऱ्या हव्या असतील तर 'आसारी' घ्या. मोठ्या हव्या असतील तर 'हामागुरी', ज्या ३ मार्चच्या मुलींच्या सणाला हमखास करतात. रेती काढायला १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून त्यात एका थरात पसरा, वरून कागद झाकून दोन तास अंधारात ठेवा. साध्या पाण्यात टाकल्या तर त्या तोंडच उघडत नाहीत.

पायरी ५: आता कच्चं

पहिली वेळ घरी नको. फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात जा. टॅब्लेटवर चित्रं असतात, बशीनुसार पैसे लागतात, एखादी बशी आवडली नाही तर नुकसान फार नाही. वासाबी नको असेल तर 'साबिनुकी'.

क्रम महत्त्वाचा. आधी शिजवलेलं: उकडलेली कोळंबी 'एबी', गोडसर सॉस लावलेला, वामेसारखा 'आनागो'. मग वरून ज्योतीने भाजलेला 'आबुरी' सॅमन. तो जमला तर साधा सॅमन, मग लाल ट्यूना 'आकामी', ज्याला मासळीचा वास जवळजवळ नसतो. 'होताते' नावाचा शिंपला लोण्यासारखा आणि गोड. माकुल, म्हणजे 'इका', कच्ची असताना चिकट लागते. पुष्कळांना ती पहिल्यांदा आवडत नाही आणि मलाही नाही आवडली. 'उनी', समुद्री साळिंदराचा तो पिवळा गर, स्वस्त दुकानात चुकूनही पहिल्यांदा खाऊ नका. शिळा उनी कडवट औषधासारखा लागतो आणि मग माणूस जन्मभर त्याच्याकडे बघत नाही. चांगला खायचा तर उन्हाळ्यात होक्काइदोला जाल तेव्हा.

गाभोळीवर जीव असणाऱ्यांची इथे चंगळ आहे. 'मेन्ताइको' ही तिखटात मुरवलेली गाभोळी, फुकुओकाची खासियत. गरम भातावर घालून खा. आपल्या तळलेल्या गाभोळीसारखी कोरडी नसते, दाताखाली बारीक दाणे फुटतात. 'शिराको' मात्र गाभोळी नव्हे, ती नर माशाची. हिवाळ्यात कॉड माशाची मिळते, दिसायला मेंदूसारखी. मगजफ्राय खाणाऱ्यांना आवडेल, बाकीच्यांना खाऊन झाल्यावर सांगा.

अळीबद्दल थोडं गंभीरपणे. 'आनिसाकिस' नावाची ही अळी साबा, माकुल, 'कात्सुओ' (ट्यूनाच्या गोतातला मासा) अशांमध्ये सापडते, दोरीच्या तुकड्यासारखी, दोन-तीन सेंटिमीटरची. व्हिनेगर, मीठ, वासाबी, लिंबू यांनी ती मरत नाही. उणे २० अंशांत २४ तास गोठवलं, किंवा ७० अंशांवर शिजवलं की मरते. म्हणून व्हिनेगरमधला 'शिमेसाबा' घरी करून बघण्याची हौस नको. कच्चं खाल्ल्यावर काही तासांत पोटात पिळवटून टाकणारी कळ आली तर ओवा खात बसू नका, दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते सांगा. दुर्बिणीतून ती अळी चिमट्याने काढतात. वसंतात तोयामा उपसागरातल्या 'होतारु इका' या इवल्या माकुल्या बाजारात येतात, त्या आतड्यांसकट असतात, तेव्हा उकडलेल्याच घ्या. आणि फुगु परवानाधारक आचाऱ्याच्या हातचाच. त्याचं विष शिजवल्याने जात नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर इथल्या आरोग्य मंत्रालयाचा सल्ला पाळा: निळ्या पंखाचा ट्यूना, 'मेबाची' ट्यूना, 'मेकाजिकी', 'किन्मेदाइ' असे पाऱ्याचा अंश जास्त असलेले मासे आठवड्यातून एकदा, साधारण ८० ग्रॅमपर्यंतच. सॅमन, आजी, साबा, इवाशी त्या यादीत नाहीत.

पायरी ६: ऑफिसची पार्टी

'इझाकाया'त, म्हणजे जपानी पिण्या-खाण्याच्या दुकानात, बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी येते. तिला 'ओतोशी' म्हणतात आणि तिचे पैसे बिलात लागतात. वाटीत काय असेल सांगता येत नाही. माझ्या पहिल्या वाटीत तपकिरी रसात काहीतरी होतं, मला कोळंबीचं लोणचं वाटलं, मी चमचाभर तोंडात टाकलं. ते 'शिओकारा' होतं, माकुलीचं मांस तिच्याच आतड्यांच्या रसात मुरवलेलं. तांदळाच्या दाण्याएवढं खायचं असतं ते. आता मला आवडतं, पण त्या रात्री साहेबांसमोर माझा चेहरा काय झाला असेल!

नको असेल तेव्हा 'किराइ', म्हणजे आवडत नाही, असं म्हणू नका. 'निगाते देसु' म्हणा. 'मला जमत नाही हो' असा त्याचा सूर आहे, कुणाला वाईट वाटत नाही. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र मोघम बोलू नका, 'एबी' आणि 'कानी' ही नावं घेऊन 'आरेरुगी' म्हणा. पाकीटबंद पदार्थांवर या दोन्हींचा उल्लेख कायद्याने बंधनकारक आहे, हॉटेलात तोंडानेच सांगावं लागतं. 'कुजिरा' म्हणजे देवमासा, एवढं माहीत असू द्या. खायचा की नाही तुम्ही ठरवा. आणि बरोबर शाकाहारी मित्र असेल तर त्याला सांगून ठेवा की मिसो सूपपासून भाजीपर्यंत बहुतेक सगळ्यात सुक्या कात्सुओचा अर्क, 'दाशी', असतो.

आणि कचरा

हे कुणी आधी सांगत नाही. आमच्या भागात जळाऊ कचरा आठवड्यातून दोनदाच नेतात. मासे मंगळवारी साफ केले आणि गाडी शुक्रवारी येणार असेल, तर ऑगस्टमध्ये त्या डोक्या-आतड्यांचं काय होतं याची कल्पना करा. उपाय एकच: सगळं पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये टाकायचं आणि गाडीच्या दिवशी सकाळी तसंच गोठलेलं नेऊन ठेवायचं. पिशवीवर मार्करने नाव लिहा. आमच्याकडे लिहिलेलं नव्हतं, आणि भारतातून आलेल्या सासूबाईंनी ती कोळंबी समजून दुपारी विरघळत ठेवली होती.